तुमचे प्रश्न: कम्युनिटी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंट शिकावं का?

यावेळी पत्रांमध्ये एकच विषय परत परत आला, कम्युनिटी कॉलेज (अमेरिकेतलं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, तिथून पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जाता येतं, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात) आणि तिथलं बिझनेस मॅनेजमेंट. मी स्वतः कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकवते त्यामुळे हा विषय माझ्या अगदी रोजच्या कामाचा, आणि यावर आपल्या लोकांमध्ये इतके गैरसमज आहेत की म्हटलं यावेळचं सगळं पान यालाच देऊया. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत. फी आणि ट्रान्सफरचे नियम राज्यागणिक बदलतात आणि खालचं बहुतेक सगळं कॅलिफोर्नियाचं आहे, तेव्हा न्यूजर्सी-टेक्ससवाल्यांनी आपापल्या राज्याचं बघून घ्या.

प्रश्न: ताई, मी सनीवेलला असते, एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर बायकोमुलांना मिळतो त्या व्हिसावर. सोलापूरला बी.कॉम. केलं, मग लग्न, मग मुलं, आता धाकटी पण शाळेत जायला लागली. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंट घ्यावं असं फार मनात आहे. नवरा म्हणतो करायचंच तर डायरेक्ट एमबीए कर, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर कशाला बसतेस. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायचा पण विचार आहे. काय करू?

उत्तर: आधी व्हिसाचं बोलूया कारण तिथेच बऱ्याच जणी अडून बसतात. एच-४ वर शिकायला एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही, पार्टटाइम शिका, फुलटाइम शिका, एकच कोर्स घ्या, सगळं चालतं. फीचंही तसंच, कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रहिवासी म्हणून धरता येतं, फक्त टर्म सुरू व्हायच्या आधी इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे कागद लागतात, म्हणजे टॅक्स रिटर्न, लायसन्स, लीज असलं काहीतरी. ते झालं की सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला (कोर्स मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर, आणि तुमच्या जवळचं डी अँझा क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे छोट्या टर्मचं आहे तिथे ३१ डॉलर. चार युनिटचा कोर्स म्हणजे किती होतात ते बघा, वर थोडी किरकोळ फी आणि पुस्तकं. पण प्रवेशाच्या वेळी रेसिडेन्सीचे प्रश्न घाईघाईत भरले तर कॉम्प्युटर तुम्हाला नॉनरेसिडेंट धरतो आणि बिल कितीतरी पटीने येतं, मग बायका घाबरून नावच काढून घेतात. तसं करू नका, कागद घेऊन अॅडमिशन ऑफिसला जा, ते दुरुस्त होतं.

आता एमबीएचं. तुमचे मिस्टर चुकीचं सांगतायत असं नाही पण घाई करतायत. इथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.वर अडतात, काही घेतात, आणि एमबीएची फी बघितली की पोटात गोळा येतो. शिवाय मधली एवढी वर्षं गेल्यावर एकदम तिथे जाऊन टीमवर्क आणि प्रेझेंटेशनच्या भडिमारात पडण्यापेक्षा इथे वर्षभर हात साफ करणं केव्हाही चांगलं. म्हणून पहिलं काम, बी.कॉम.च्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्या, म्हणजे तिथलं काय काय इथे धरतात ते तपासून घ्या. जे कोर्स तुम्ही सोलापूरला केलेत ते परत कशाला करायचे?

आणि मी तुमच्या जागी असते तर अख्खी डिग्री न घेता सर्टिफिकेट घेतलं असतं. बिझनेस मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असतं, बुककीपिंगचं असतं, अकाउंटिंगचं असतं, बऱ्याच कॉलेजात टॅक्सचे वेगळे कोर्स पण असतात. बी.कॉम. झालेल्यांना माझा कल अकाउंटिंगकडे ढकलायचा असतो हे मान्य, पण त्याला कारण आहे. पुढे कधी सीपीएच्या (आपल्याकडच्या सीएसारख्या) परीक्षेला बसावंसं वाटलं तर अकाउंटिंगचे आणि बिझनेसचे ठराविक युनिट दाखवावे लागतात आणि ते कम्युनिटी कॉलेजात युनिव्हर्सिटीच्या मानाने फारच स्वस्तात होतात, आपल्या कितीतरी बी.कॉम. मुलींनी असंच केलंय. डेबिट क्रेडिट तर तुम्हाला झोपेत येत असेल. पहिल्या आठवड्यात जेव्हा बाकीचा वर्ग जर्नल एंट्रीवर अडखळत असतो ना तेव्हा मागच्या बाकावरची एखादी आपली बाई हळूच शेजारच्या मुलाला समजावून सांगत असते, आणि महिन्याभरात सगळे तिच्याभोवती बसायला लागतात. अठरा वर्षांची पोरं हसत बिसत नाहीत हो, त्यांच्याबरोबर वर्गात नर्स असतात, गाडी चालवून आलेले उबरवाले असतात, आजी झालेल्या बायका असतात, कम्युनिटी कॉलेज आहेच तसं.

फराळाचं मात्र नीट वाचा. एच-४ वर ईएडी म्हणजे कामाचा परवाना नसेल तर पैसे घेऊन ऑर्डरी घेणं हे काम केल्यातच धरतात, हौस म्हणून केलं ओळखीत केलं ही सबब चालत नाही. २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४० (ग्रीनकार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर झालाय त्यांना साधारणपणे ईएडी मिळू शकतो, तो मिळेपर्यंत एक ऑर्डर पण घेऊ नका. मिळाल्यावर मात्र स्वतःचा धंदा पण करता येतो. आणि घरून खाद्यपदार्थ विकायला कॅलिफोर्नियात २०१३ पासून कायदा आहे, न नासणारे ठराविक पदार्थ घरच्या ओट्यावर करून विकता येतात, कुठले चालतात त्याची राज्याची यादी असते आणि काउंटीच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते. चकली, चिवडा, लाडू, प्रत्येकाचं नाव घेऊन काउंटीला विचारा, अंदाजाने करू नका.

तोपर्यंत स्मॉल बिझनेसचा कोर्स करून टाका. त्यात अख्खा बिझनेस प्लॅन लिहायला लावतात. आपल्या बायकांचे असले प्लॅन मी बघितलेत, त्यात भाजणी किती रुपयांची, सॉरी डॉलरची, तेल किती, लोणी किती, डबे किती, लेबल किती, सगळं सेंटपर्यंत बरोबर असतं आणि स्वतःच्या मेहनतीच्या रकान्यात शून्य. चकल्या पाडायला दोन संध्याकाळी गेल्या, तळायला एक गेली, पॅकिंगला नवरा बसला, हे सगळं फुकट! मग किलोला जो भाव निघतो तो बघून वाटतं वा काय नफा आहे. त्या रकान्यात तासाला किमान वेतनाचा आकडा टाकला की नफा बऱ्याचदा गायब होतो, मग भाव वाढवायचा का, चार पदार्थांऐवजी दोनच करायचे का, एकदम मोठी ऑर्डर घ्यायची का हे खरे प्रश्न सुरू होतात. हा एक रकाना भरायला शिकलात तरी कोर्सची फी वसूल झाली असं समजा.

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलगा बारावीला आहे, जीपीए (सरासरी ग्रेड) बेताचा. त्याला बिझनेस करायचंय आणि तो म्हणतो मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला जातो मग यूसीला म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ट्रान्सफर घेतो. मंडळातल्या लोकांना सांगायची सुद्धा लाज वाटते, सगळ्यांची मुलं बर्कली नाहीतर यूसीएलए. त्याने कॉलेजच्या साइटवर बिझनेस मॅनेजमेंट हा प्रोग्राम निवडून ठेवलाय. बरोबर आहे का?

उत्तर: काकू, मुलाचा विचार बरोबर आहे, प्रोग्राम चुकीचा असण्याची दाट शक्यता आहे. हे दोन्ही नीट सांगते कारण दरवर्षी मी याच एका गोष्टीपायी पोरांचं वर्ष वाया गेलेलं बघते आणि मला खरंच फार वाईट वाटतं.

बहुतेक कम्युनिटी कॉलेजात बिझनेसच्या नावाखाली दोन वेगळ्या वाटा असतात. एक बिझनेस मॅनेजमेंट, ही नोकरी करणाऱ्यांसाठी किंवा लगेच नोकरीला लागणाऱ्यांसाठी, त्यात सुपरव्हिजन, ह्यूमन रिसोर्स, मार्केटिंग असे कोर्स असतात, चांगले असतात, उपयोगाचे असतात, पण त्यातले बरेचसे यूसी मेजरच्या (मुख्य विषयाच्या) तयारीत धरतच नाही. दुसरी बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची डिग्री. ही २०१० च्या राज्याच्या कायद्यातून आली, ती पूर्ण केली की सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) म्हणजे सॅन होजे स्टेट, ईस्ट बे वगैरे ज्या सिस्टीममध्ये येतात तिथे जागा मिळण्याची हमी असते आणि पुढे आणखी ६० युनिटमध्ये बॅचलर्स संपवता येतं. हमी सिस्टीमची असते हं, हवं तेच कॅम्पस मिळेल अशी नसते.

ट्रान्सफरला जे कोर्स लागतात ते म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस लॉ, आणि यूसीचा विचार असेल तर कॅल्क्युलस. कॅल्क्युलस ऐकलं की पोरं पळतात आणि मॅनेजमेंटवाला प्रोग्राम निवडतात कारण त्यात ते नसतं, आणि दुसऱ्या वर्षी कळतं की दार बंद आहे. म्हणून गणित पहिल्याच टर्मला सुरू करायला सांगा. कॉलेजात ट्यूटरिंग फुकट असतं आणि प्रोफेसर ऑफिस अवर्सला चक्क रिकामे बसलेले असतात, आपली मुलं जातच नाहीत, त्यांना वाटतं प्रश्न विचारला तर ढ समजतील. त्याला ढकला.

असिस्ट नावाची राज्याची साइट आहे, तिथे आपलं कम्युनिटी कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी आणि मेजर टाकलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ती यादी समोर येते. मुलाला आज संध्याकाळी ती उघडून बसवा आणि ती यादी प्रिंट करून काउन्सेलरकडे घेऊन जायला सांगा. काउन्सेलरकडे रिकाम्या हाताने गेलं की तो गोल गोल सांगतो, यादी समोर ठेवली की मुद्द्याचं बोलतो.

यूसीच्या सहा कॅम्पसमध्ये टॅग म्हणून प्रवेशाची हमी मिळते, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. ठराविक जीपीए आणि कोर्स पूर्ण असतील तर जागा पक्की, फक्त एकाच कॅम्पसला टॅग करता येतं, प्रत्येक मेजरला ते नसतं आणि त्याचा अर्ज सप्टेंबरात असतो, मुख्य अर्जाच्या आधी, इथे खूप मुलं चुकतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत पण ट्रान्सफरची मुलं घेतात. यूसीएलएला मुळात बॅचलर्समध्ये बिझनेस मेजर नाहीच, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे, आणि बर्कलीचं हास बिझनेस स्कूल फारच अवघड. तेव्हा त्या दोन नावांवर सगळं लावू नका.

ट्रान्सफरसाठी यूसी कॉलेजातला जीपीए बघते, शाळेतला बेताचा जीपीए तिथे आड येत नाही. म्हणजे मुलाला नव्याने सुरुवात मिळतेय. आणि पैशाचं बघितलं तर वर्षाचे ३० युनिट म्हणजे १,३८० डॉलर, तेच यूसीची ट्यूशन आणि फी पंधरा हजाराच्या घरात, राहणंखाणं वेगळं. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या आणि फुलटाइम म्हणजे १२ युनिट घेणाऱ्या मुलांना बरीच कॉलेजं कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस या योजनेखाली दोन वर्षं ट्यूशन माफ सुद्धा करतात, फायनान्शियल एडच्या ऑफिसात विचारा, मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मुलगा एच-४ वर आहे का? असेल तर २१ व्या वाढदिवसाला तो एच-४ संपतो, म्हणजे बरोबर ट्रान्सफरच्या सुमारास. तेव्हा एफ-१ घ्यायचा की काय ते वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा, त्याने फीचं गणित पण बदलू शकतं.

आणि मंडळात लाज कसली? गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत कोणी विचारलं कुठे आहे तुमचा मुलगा, तर कॉलेजचं नाव घेऊन सरळ सांगा. तुम्ही आवाज बारीक केलात की मुलगा ते ऐकतो, आणि या वयातल्या मुलाला आई आपल्याबद्दल कुजबुजत बोलते हे फार लागतं. तो स्वतःहून विचार करून आईवडिलांचे लाखभर डॉलर वाचवायला निघालाय, याचा मला तरी अभिमान वाटला असता.

प्रश्न: मी नाशिकहून लिहितोय. मुलगी यंदा बारावी कॉमर्स. एक एजंट म्हणतो कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षं मॅनेजमेंट आणि मग दोन वर्षं मोठी युनिव्हर्सिटी, एकदम स्वस्तात अमेरिकन डिग्री. पाठवू का?

उत्तर: भाऊ, वर जी ४६ डॉलरची फी लिहिलीय ती इथल्या रहिवाशांची. एफ-१ वर आलेल्या मुलीला परदेशी विद्यार्थ्यांची ट्यूशन लागते, ती वर्षाला आठ-दहा हजार डॉलरच्या आसपास जाते, आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहायचं तर भाडं आणि जेवण त्याच्या दुप्पट सहज होतं, बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेलच नसतं. इथपर्यंत एजंट सांगत असेलही. पुढचं तो सांगणार नाही, ते म्हणजे तिसऱ्या वर्षी यूसीला गेलं की परदेशी विद्यार्थ्याला नुसती ट्यूशनच वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास. सीएसयू त्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. म्हणजे हिशोब चारही वर्षांचा मांडा, आणि तो एजंटकडून लेखी मागा, कॉलेजांची नावं आणि कोर्सची यादी सकट.

नोकरीच्या भरवशावर पाठवू नका. एफ-१ वर पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवर काम करता येतं आणि टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच, त्यात भाडं निघत नाही. दर टर्मला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरतात. असोसिएट डिग्रीनंतर वर्षभराचा ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळू शकतो पण स्टेमवाली (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) जी जादा मुदत असते ती या डिग्रीला नाही.

मला विचाराल तर मुलीला नुसतं मॅनेजमेंटच शिकायचं असेल आणि पुढे नाशिक-पुण्यातच नोकरी किंवा घरचा धंदा बघायचा असेल तर पुण्यात बी.बी.ए. करू द्या आणि वाचलेले पैसे मास्टर्ससाठी ठेवा. इथे जवळचं नात्याचं कोणी राहायला ठेवणारं असेल, चारही वर्षांचे पैसे कर्ज न काढता हातात असतील आणि मुलीची स्वतःची इच्छा असेल तर मात्र कम्युनिटी कॉलेज ही उत्तम सुरुवात आहे, वर्ग छोटे असतात, शिक्षक नावाने ओळखतात, नवख्या मुलीला ते फार लागतं. व्हिसाच्या मुलाखतीत हमखास विचारतात की कम्युनिटी कॉलेजच का, तिथे पाठ केलेलं उत्तर चालत नाही, तिने स्वतः असिस्टवर बसून ट्रान्सफरची वाट काढलेली असेल तर ती आपसूक नीट सांगेल.

प्रश्न: आपल्याकडे महाराष्ट्रात अशी कम्युनिटी कॉलेजं आहेत का?

उत्तर: आहेत, पण रूप वेगळं आहे. भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरीत सुरुवात झाली, मग यूजीसीने २०१३-१४ पासून योजना आणली आणि साध्याच कॉलेजांमध्ये कौशल्याचे डिप्लोमा, पुढे बी.व्होक. (कौशल्याची पदवी) असे कोर्स सुरू झाले. रिटेल, हॉस्पिटॅलिटी, अकाउंटिंग असले विषय असतात. प्रवेशाआधी दोनच गोष्टी विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे कामाला लागली आणि डिप्लोमा झाल्यावर डिग्रीच्या कुठल्या वर्षाला बसता येतं. आणि नोकरी सांभाळून डिग्री हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

प्रश्न: मी मिल्पिटासला वेअरहाउसमध्ये सुपरवायझर आहे, ग्रीनकार्ड आहे, वय पन्नाशीच्या पुढे. मॅनेजरची जागा निघाली की डिग्रीवाल्या पोराला देतात. इंग्रजी बोलतो पण लिहायची भीती वाटते, गणित तर विसरलोच. बिझनेस मॅनेजमेंट झेपेल का?

उत्तर: दादा, तो जो बिझनेस मॅनेजमेंटचा प्रोग्राम वरच्या काकूंच्या मुलाला घेऊ नको म्हटलं ना, तो तुमच्यासारख्यांसाठीच बनवलाय. शिफ्ट बघून संध्याकाळचे किंवा ऑनलाइन कोर्स घ्या. प्रवेशाला गणिताची परीक्षा द्यावी लागेल ही भीती काढून टाका, २०१७ च्या कायद्यानंतर ते बंद झाल्यातच जमा आहे. लिहायच्या भीतीवर बिझनेस कम्युनिकेशनचा कोर्स घ्या, त्यात ईमेल, रिपोर्ट, तक्रारीला उत्तर हेच सगळं लिहून घेतात, म्हणजे तुमचं रोजचं कामच. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं काही क्रेडिट मिळतं का तेही काउन्सेलरला विचारा, बऱ्याच कॉलेजात तशी सोय आहे.

एचआरला पण एक ईमेल टाका, पुष्कळ कंपन्या शिक्षणाची फी भरून देतात पण कोर्स सुरू व्हायच्या आधी मंजुरी लागते, नंतर बिल नेलं तर देत नाहीत. आणि पहिल्या टर्मला एकच कोर्स घ्या, जमलं तर एक्सेलचा, कारण त्यात सोमवारी शिकलेलं मंगळवारी कामावर वापरता येतं आणि साहेबाच्या डोळ्यावर पण येतं.